इथे साडेतीन ओळी गेल्या आहेत

माझ्या बायकोच्या मामांइतका मेलेल्या माणसांत रमलेला माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल, आणि असलाच तर देव त्याच्या भाचजावयाला शक्ती देवो. मेलेली म्हणजे कालपरवा गेलेली नव्हेत. हजार, बाराशे, तेराशे वर्षांपूर्वी गेलेले कवी. सन सहाशे ते सन एक हजार एवढीच मामांची हद्द. त्या चारशे वर्षांत आयर्लंडच्या मठात, अरबस्तानच्या वाळूत, चीनच्या सरकारी कचेरीत नाहीतर आपल्या दख्खनेत कुणी चार ओळी लिहिल्या आणि नाव सांगायचं राहून गेलं, की तो माणूस मामांच्या घरचा झाला. नाव माहीत असलेल्या कवींशी त्यांचं फारसं जमत नाही. ‘त्यांना बघायला लोक आहेत,’ म्हणतात. आणि सन हजारानंतरचा कवी म्हणजे त्यांच्या लेखी कालचं पोरगं. मी एकदा जावयाच्या उत्साहात बाराव्या शतकातल्या एका कवितेचा विषय काढला, तर चहाचा कप खाली ठेवून अगदी नम्रपणे म्हणाले, ‘जावईबापू, नवीन लेखनातलं मला फारसं कळत नाही.’

मी स्वभावाने थकलेला माणूस आहे. मेडनहेडला राहतो, सॉफ्टवेअरचं काम करतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत कुणी माझ्याशी बोलू नये एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा आहे. पण बायकोचं या देशात मामांशिवाय दुसरं माहेर नाही. म्हणून दर दुसऱ्या शनिवारी एम-फॉर्टीवरून कॉव्हेंट्री गाठायची, सर्व्हिस स्टेशनवरची ती पाणचट कॉफी प्यायची, आणि दारात बूट काढतानाच ऐकायचं, ‘बरं झालं आलात. सर्दीवाल्याचा निकाल लागला.’ हा सर्दीवाला म्हणजे एक भिक्षू. पोथीच्या समासात त्याने हात गारठल्याची तक्रार लिहून ठेवली आहे. नावं नसल्यामुळे मामांनी सगळ्यांना अशी हाकेची नावं पाडली आहेत. सर्दीवाला, उंटवाला, आणि दख्खनेतली एक बाई, जिची एकच कविता उरली आहे. ती दारात उभी राहून कुणाची तरी वाट बघते, म्हणून ती उंबरठ्यावरची. मला पहिली दोन वर्षं वाटायचं की हे सगळे मामांचे कॉव्हेंट्रीतले शेजारी. सर्दीवाल्याची तब्येत आता कशी आहे, असं मी एकदा कळकळीने विचारलं होतं. मामांना त्याचा कोण आनंद झाला.

हे वेड त्यांना लागलं ते निव्वळ खुर्ची कमी पडल्यामुळे. मामा सांगलीहून इथे आले ते मोटारीच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून. ट्रेसर म्हणजे इंजिनियरने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद टाकायचा आणि त्याची रेघ न् रेघ शाईने गिरवायची. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. मग कारखाना बंद पडला, आणि नवं काहीतरी शिका म्हणून सगळ्यांना संध्याकाळच्या वर्गांना पाठवलं. मामा कम्प्युटरच्या वर्गाला गेले तर तो भरलेला. काउंटरवरची बाई म्हणाली, प्राचीन काव्याच्या वर्गात जागा आहे आणि त्या खोलीतला रेडिएटर चालू आहे. मामा रेडिएटरसाठी गेले. सुरुवातीला चौघे होते, ख्रिसमसपर्यंत एकटे मामा उरले, पण शिकवणाऱ्या बाईंनी वर्ग सोडला नाही आणि मामांनी बाईंना सोडलं नाही. कम्प्युटरच्या वर्गात एक खुर्ची जास्त असती तर मामा आज माझ्यासारखे दमलेले असते, हा विचार माझ्या मनात प्रत्येक सॉफ्टवेअर रिलीजच्या वेळी येतो.

आता या जुन्या भाषा मामांना येतात असं कुणी समजू नये. थोडी जुनी इंग्रजी येते, संस्कृत शाळेपुरतं, बाकी सगळा डिक्शनऱ्यांचा कारभार. शिवाय ते विद्यापीठांतल्या प्रोफेसरांना पत्रं लिहितात, आणि ते प्रोफेसर माझ्या मॅनेजरपेक्षा लवकर आणि जास्त अदबीने उत्तरं देतात. पण काम करायची पद्धत मात्र ट्रेसरचीच. जुन्या पोथ्या म्हणजे कुठे उंदराने खाल्लेल्या, कुठे जळालेल्या, कुठे भिजलेल्या. मामा त्या पानाचा फोटो मागवतात, भोकांची मापं घेतात, आणि ट्रेसिंग पेपरवर आधी ती भोकं काढतात, मग त्यांच्या भोवतीने मराठी कविता लिहितात. खाली उजव्या कोपऱ्यात कारखान्याच्या ड्रॉइंगवर असते तशी चौकट. कवी: अज्ञात. गाव: अज्ञात. साल: अंदाजे. गेलेल्या ओळी: साडेतीन. तपासणारा: स्वतः. हा ‘गेलेल्या ओळीं’चा रकाना त्यांनी कधी रिकामा सोडलेला मी पाहिला नाही. पानाच्या मापावरून, अक्षरांच्या जाडीवरून ते आकडा काढतातच, आणि अर्धी ओळसुद्धा सोडत नाहीत. एकदा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. घाबरून बाहेर जाऊन घेतला. म्हणाले, ‘जावईबापू, उंटवाल्याच्या पाच नाहीत, सव्वापाच गेल्यात.’ मी परत आत गेलो तेव्हा सगळ्यांनी विचारलं, एव्हरीथिंग ओके?

या सगळ्यात मामी कुठे होत्या, तर स्वयंपाकघरात. त्या एका शाळेत डिनर लेडी होत्या. दिवसभर तीनशे पोरांना बटाटे वाढायचे आणि घरी येऊन कवी ऐकायचे. मामींचा काव्याविषयी एकच प्रश्न असे, आणि तो त्या प्रत्येक कवीबद्दल विचारत. ‘ह्याचा स्वयंपाक कोण करत होतं?’ मामा म्हणत, अगं, त्याची नोंद नाही. मामी म्हणत, ‘असं कसं नाही? उपाशीपोटी लिहिलं का त्याने? डोंगर लिहिला, चंद्र लिहिला, उंटाचं नाव लिहिलं, आणि भाकरी कुणी भाजली ते नाही लिहिलं.’ मामांना हा मुद्दा इतका पटला की त्यांनी चौकटीत एक ओळ वाढवली. स्वयंपाक: अज्ञात. अशी एकशेचाळीस ट्रेसिंगं त्यांच्या माळ्यावर आहेत आणि प्रत्येकावर ती ओळ आहे. फक्त उंबरठ्यावरच्या बाईच्या कागदावर ‘स्वयंपाक: स्वतः’ असं लिहिलंय, आणि पुढे कंसात ‘हिच्या मते’. कारण ती कविता ऐकल्यावर मामी म्हणाल्या होत्या, ‘ही बाई चुलीवर काहीतरी ठेवून आलीय. म्हणून ती उंबरठा ओलांडत नाही.’ मामांनी ते एका प्रोफेसरला कळवलं. प्रोफेसर म्हणाला, विचार करण्याजोगं आहे.

मामांची सगळ्यांत अवघड सवय मी अजून सांगितली नाही. ते कविता वाचून दाखवताना भोकंही वाचतात. म्हणजे जिथे ओळ गेलेली आहे तिथे गप्प उभे राहतात. एका ओळीला तीन श्वास, असा त्यांचा हिशेब. ओळ म्हणायला तेवढा वेळ लागला असता, आणि कवीने ती लिहिली होती, उंदराने खाल्ली यात त्याचा काय दोष, मग त्याचा वेळ का कापायचा? तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा त्यांना पाच मिनिटं दिली होती, मुलांचा डान्स आणि मोदक यांच्या मध्ये. मामांनी सर्दीवाला वाचायला घेतला. दोन ओळी झाल्या आणि ते थांबले. डोळे मिटलेले, हात मागे. पहिल्यांदा साउंडवाला धावला, त्याला वाटलं माइक गेला. मग एका काकूंनी पाण्याचा ग्लास नेऊन दिला. तो त्यांनी घेतला नाही, तेव्हा मंडळातले एक डॉक्टर स्टेजवर चढले आणि त्यांनी मामांची नाडी बघायला सुरुवात केली. निवेदिकेला काही सुचेना, तिने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. नाडी डॉक्टरांच्याच हातात असताना मामांनी डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, ‘इथे साडेतीन ओळी गेल्या आहेत.’ आणि पुढची ओळ घेतली. घरी येताना मी गाडीत हसत होतो. मामी मागच्या सीटवरून म्हणाल्या, ‘हसा. मला रोज जेवताना ऐकावं लागतं.’ पण त्याही हसत होत्या.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात मामी गेल्या. आठ दिवसांचं आजारपण, आणि संपलं. त्यांची एकुलती एक मुलगी रेवती एजवेअरला राहते, इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट आहे. क्रेमेटोरियममध्ये अर्धा तास मिळाला होता. गुरुजींचं झालं की मामा काहीतरी वाचणार, मग रेवती बोलणार, असं ठरलं होतं. तिच्या हातात घडी केलेला कागद होता, मी पाहिला होता. मामा उठले आणि त्यांनी उंबरठ्यावरची बाई काढली. त्या कवितेत मध्यभागी अकरा ओळी गेलेल्या आहेत. मामा थांबले. अकरा ओळींचे तेहतीस श्वास, आणि त्या दिवशी त्यांचे श्वासही लांब होते. तिथला माणूस बिचारा दाराशी उभा, बाहेर पुढचं कुटुंब काळे कपडे घालून थांबलेलं. त्याला वाटलं संपलं. त्याने बटण दाबलं, संगीत सुरू झालं आणि शवपेटीपुढचा पडदा सरकू लागला. मामांनी डोळे उघडले तेव्हा मामी दिसेनाशा झाल्या होत्या. रेवती कागद हातात धरून पहिल्या रांगेत उभी होती. ती बोलली नाहीच.

चूक कुणाची म्हणायची? मला माहीत होतं की मामांच्या एकशेचाळीस कागदांत मामींचा शब्द ज्यावर आहे असा तो एकच कागद. त्यांच्या परीने त्यांनी घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू काढून आणली होती. पण हे मी रेवतीला कसं सांगू, आणि सांगितलं तरी ती का ऐकेल? वर्षभर ती कॉव्हेंट्रीला फिरकली नाही. दर रविवारी फोन करायची, औषध घेतलं का, कचऱ्याचा बिन बाहेर काढला का, एवढंच. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तिने मला फोन केला. ‘भाऊजी, मी येणार. विधीला येणार. पण बाबाने परत कुणा डेड माणसाचा पोएम वाचला, तर आय ॲम डन. मी उठून जाणार आणि परत त्या घरात येणार नाही. त्याने आईबद्दल बोलायचं. त्याचा स्वतःचं काहीतरी. एक सेंटेन्स चालेल. फोर्टी-फोर इयर्स, भाऊजी. वन सेंटेन्स.’ मी म्हटलं, तूच सांग ना त्यांना. ती म्हणाली, ‘मला नाही जमत. तुमचं ऐकतो तो.’ माझं घरात कुणीही ऐकत नाही, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

मग मी मामांना सांगितलं, आणि सुरू झाला एक महिना, ज्याची आठवण आली तरी मला आडवं व्हावंसं वाटतं. मामा रोज संध्याकाळी फोनवर मसुदा वाचायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, ‘तुझा तळ उठला, राखेवर माझे डोळे राहिले.’ मी विचारलं, मामा, हे कुणाचं? म्हणाले, ‘उंटवाल्याचं.’ म्हटलं, काढा. दुसऱ्या दिवशी बोटं गारठली होती. ‘सर्दीवाला?’ ‘हो.’ काढा. तिसऱ्या दिवशी चंद्र आला, तो कुठल्यातरी चिनी कारकुनाचा निघाला. असं करत करत कागदावर ‘ती’ एवढा एकच शब्द उरला, आणि तोही मामांना संशयास्पद वाटत होता. एका शनिवारी मी समोर बसलो होतो तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, ‘जावईबापू, माझं असं काही नाहीच हो. मी ट्रेसर. खाली दुसऱ्याची रेघ असल्याशिवाय माझा हात चालत नाही.’ मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून कुठल्याही कवीच्या आडून न आलेलं मी ऐकलेलं हे पहिलंच वाक्य होतं, आणि ते असं निघालं. मी म्हटलं, मामा, कविता नको. नुसतं घडलेलं सांगा. ते म्हणाले, ‘घडलेलं कुणी लिहून ठेवलंय?’

वर्षश्राद्धाला बाहेरच्या खोलीत वीसेक माणसं होती. गुरुजी लेस्टरहून आले, विधी झाला. आत उडदाचे वडे, खीर, आमसुलाची चटणी तयार होती. मंडळाच्या गणपतीतल्या त्याच काकू वाढायच्या तयारीत उभ्या होत्या. रेवती दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, कोट अंगातच, पर्स मांडीवर. मामा आतून ट्रेसिंग पेपरची गुंडाळी घेऊन आले. बायकोने माझा हात घट्ट धरला. रेवतीने पर्सचा पट्टा खांद्यावर घेतला. मामांनी कागद उलगडला. मी बाजूलाच होतो, मला दिसला. वर आठ-दहा ओळी, खाली कागद कोरा, आणि कोपऱ्यात चौकट. तिच्यात वरच्या ओळीला मामींचं नाव होतं.

मामा वाचू लागले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, रेशनचं कार्ड वाचावं तसं ते वाचत होते. ‘सत्तावीस वर्षं मी सकाळी सातला गाडी काढून कारखान्यात गेलो. नंतर लायब्ररीत गेलो. थंडीत शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या काचा पांढऱ्या असायच्या, ते खरवडत बसायचे. माझी काच स्वच्छ असायची. मला वाटायचं, आपल्या दारात दंव पडत नाही.’ कुणीतरी हसलं. मामांनी कागद जरा जवळ धरला. ‘ह्या जानेवारीत मी बाहेर आलो तर काच पांढरी होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमच्या मिसेस रोज सहाला किटली घेऊन यायच्या. कढत नाही, कोमट. कढत पाण्याने काच तडकते म्हणायच्या. ती मला कधी बोलली नाही. मी कधी’

आणि ते थांबले. आम्ही सगळे ओळखीचेच होतो, आम्हाला सवय होती, पण हे थांबणं तसं नव्हतं. डोळे मिटलेले नव्हते. ते कागदाच्या कोऱ्या भागाकडे बघत होते. श्वास मोजायला गेलो तर माझाच हिशेब चुकला. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. मग दाराजवळून रेवतीचा आवाज आला. ‘बाबा, किती ओळी गेल्या?’

लहानपणापासून ती हे ऐकत आली असणार, पण तिने स्वतः विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मामांनी सवयीने कोपऱ्यातल्या चौकटीत पाहिलं. स्वयंपाकाच्या ओळीत मामींचं नाव पुन्हा लिहिलं होतं. ‘गेलेल्या ओळी’पुढे काहीच नव्हतं. ते म्हणाले, ‘मोजल्या नाहीत गं.’

रेवती उठली. मला वाटलं ती निघाली. तिने कोट काढून खुर्चीवर टाकला, पर्समधून वर्षभर जुनी ती कागदाची घडी काढली आणि मामांच्या शेजारी येऊन उभी राहिली. कागद इंग्रजीत होता, मधूनमधून मराठी. आईच्या हातचे शाळेतले बटाटे, पोरांसमोर तिने आईला परकी असल्यासारखं ‘मिसेस’ म्हटलं होतं तो दिवस, आई त्यावर घरी काहीच बोलली नव्हती ते. दुसऱ्या पानावर आली आणि तिचा आवाज गेला. पुढचं वाक्य येईना. काकू सवयीने पाण्याचा ग्लास घेऊन पुढे झाल्या. मामांनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला.

‘बसा,’ म्हणाले. ‘ती वाचतेय.’

काकू ग्लास हातात घेऊन बसल्या. आत खीर गार होत होती आणि बाहेर गुरुजींची गाडी आडवी आली म्हणून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, पण कुणी उठलं नाही. ते वाचन किती वेळ चाललं, मला सांगता यायचं नाही. परतीच्या वाटेवर बायको ऑक्सफर्डपर्यंत एक शब्द बोलली नाही. एरवी मी पाच मिनिटांत विचारलं असतं, काय झालं म्हणून. त्या दिवशी नाही विचारलं, गाडी चालवत राहिलो.